सुई टोचण्याआधी काय झालं?

बेळगावच्या कॅम्पात माझं ऑफिस आहे. खाली बेकरी, वर मी. त्यामुळं माझ्या अशिलांना न्याय मिळो न मिळो, ताज्या पावाचा वास मात्र फुकट मिळतो. पस्तीस वर्षं त्या खुर्चीत बसून मी ग्राहकांच्या तक्रारी लढवल्या. बंद पडलेले मिक्सर, गळणारे स्लॅब, मुहूर्त टळून गेल्यावर उगवलेला फोटोग्राफर, असलं सगळं. त्यात एकदा लशीची केस आली, पेपरात चार ओळी छापून आल्या, आणि मग निपाणीपासून खानापूरपर्यंत कुणाच्या पोराला सुई टोचल्यावर काही झालं की लोक माझाच जिना चढायला लागले. "लशीच्या बाई" असं माझं नाव पडलं. एकदा तर एक आजी नातवाला काखोटीला मारून आल्या आणि म्हणाल्या, "सुई हितंच टोचतात न्हवं?" मी म्हटलं, आजी, इथं फक्त कागद टोचतात, दवाखाना पुढच्या चौकात.

हा धंदा बाहेरून वाटतो तसा नाही. सुई टोचली, पोर आजारी पडलं, म्हणजे भरपाई ठरलेलीच असं लोकांना वाटतं. कायदा मात्र विचारतो, चूक काय झाली? भलत्या जागी टोचली? मुदत संपलेली लस होती? थंड ठेवायची ती गरम झाली होती? आणि बरं, त्या चुकीमुळंच हे झालं, हे कशावरून? काही देशांत म्हणे कुणाची चूक न दाखवताही लशीच्या दुष्परिणामाची भरपाई मिळते. आपल्याकडं तशी सोय नाही. त्यातून अंगणवाडीत फुकट टोचलेल्या सुईची तक्रार ग्राहक आयोगात चालत नाही, कारण फुकट घेणारा हा ग्राहकच नव्हे. त्यानं दुसरं कोर्ट गाठायचं. खाजगी डॉक्टरनं फी घेऊन टोचली असेल तरच तो माझ्याकडचा मामला.

आणि सगळ्यात अवघड काय, तर "नंतर झालं" आणि "त्यामुळं झालं" यातला फरक दाखवणं. बाळाला पहिल्या वर्षात इतक्या सुया टोचतात की काहीही झालं तरी ते कुठल्या ना कुठल्या सुईच्या नंतरच होतं. हे मी नव्या वकिलांना मोठ्या ऐटीत सांगायची. सांगायची, एवढंच.

भोचकपणा माझा जन्माचा. मिस्टर म्हणतात, तू वकील झालीस म्हणून बरं, नाहीतर गल्लीत कुणी उभं केलं नसतं. पण या कामात तोच उपयोगी पडला. लशीच्या कुपीवर एक गोल असतो आणि गोलात पांढरा चौकोन. कुपीला ऊब लागत गेली की चौकोन काळवंडत जातो, आणि गोलाच्या रंगाचा झाला की कुपी फेकायची. हे मला कुणी शिकवलं नाही. एका नर्सबाईंना चहा पाजून मी ते काढून घेतलं.

ते पहिल्यांदा कामी आलं वडगावच्या नागेश अण्णांच्या केसमध्ये. अण्णांचे घरातच दोन यंत्रमाग. मुलाच्या मांडीला सुई टोचली तिथं मोठं गळू झालं, शेवटी चिरावं लागलं. मी साळसूदपणे त्या डॉक्टरच्या दवाखान्यात जाऊन बसले. कंपाउंडरनं फ्रिज उघडला, तेव्हा आत लशीच्या कुपींशेजारी दह्याचं भांडं, दोशाचं पीठ आणि अबोलीचा गजरा! गोलातले चौकोन चांगलेच काळवंडलेले. आता खरं सांगायचं तर गळू फ्रिजमुळं झालं नव्हतं, टोचायच्या हयगयीमुळं झालं होतं. पण फ्रिजचं सगळं ऐकून समोरचा वकील जो गप्प बसला तो बसलाच. ते भरपाई द्यायला तयार झाले. अण्णा म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. चुकलं म्हणून लिहून द्या म्हणावं."

डॉक्टर भरपाईला एका दिवसात तयार झाला होता. माफीला तीन तारखा लागल्या. पहिल्या मसुद्यात "झाल्या प्रकाराबद्दल खेद वाटतो" असं होतं. अण्णा म्हणाले, "खेद मला बी वाटतोय की. चूक कुणाची?" शेवटी तिसऱ्या तारखेला "माझं चुकलं" हे दोन शब्द कागदावर आले. अण्णांनी तो कागद प्लॅस्टिकमध्ये घालून रेशनकार्डाजवळ ठेवला. मसुदा मीच केला होता. दुसऱ्याची माफी लिहिण्यात माझा हात चांगलाच बसला होता.

आता जी केस सांगण्यासाठी बसले आहे, ती आराध्याची.

कंग्राळीचे आप्पा, त्यांचा फौंड्रीत कामाला जाणारा मुलगा परशराम, आणि सून रेखा असे तिघं एका दुपारी आले. रेखाच्या खांद्यावर वर्षाची आराध्या झोपलेली. आप्पांनी पिशवीतून कागद काढले आणि तेच बोलायला लागले.

"वकीलबाई, पोरगी गुलाबावानी हुती. निपाणीच्या डॉक्टरनं सुई टोचली, अंगात ताप भरला, न दुसऱ्या दिवशी दुपारी पोरगी ताठ. तवापास्नं फीट काय थांबंना. आठवड्यातनं दोनदा, तीनदा. गोळ्या चालू हाईत, पर काय उपेग न्हाय."

रेखाचं माहेर निपाणीच्या पुढं, टोलनाक्यापलीकडं, कागल भागातलं. पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणं माहेरी झालं. पहिल्या दोन सुया तिथल्या सरकारी उपकेंद्रात झाल्या. तिसरी सर्दी-खोकल्यामुळं लांबत लांबत पाचव्या महिन्यावर गेली, आणि निपाणीच्या एका जुन्या बालरोगतज्ज्ञांनी ती टोचली. मग सासरची माणसं जाऊन मायलेकींना घेऊन आली.

रेखा त्या दिवशी एकदाच बोलली. "जज्जसाहेब लिहून देतील न्हवं बाई, सुईमुळंच झालं म्हणून?"

मला वाटलं, हिलाही नागेश अण्णांसारखा कागद हवाय. तो कशासाठी हवाय, हे मी विचारलं नाही. एरवी शेजारच्या बाकावरच्या बाईच्या नणंदेचं वय विचारणारी मी, पण तेव्हा नाही विचारलं. केस डोळ्यांपुढं लख्ख दिसत होती ना!

मी तिघांना समोर बसवून माझं ठरलेलं भाषण दिलं. ते मी प्रत्येक अशिलाला द्यायची. "हे बघा, आजपासून सगळीकडं एकच सांगायचं. कोर्टात, डॉक्टरकडं, पाव्हण्यांत. सुई, ताप, फीट. तारीख बदलायची नाही आणि जास्तीचं एक अक्षर बोलायचं नाही." यात लबाडी नव्हती. दवाखान्यातल्या केसपेपरवर पेशंट काय सांगतो ते लिहिलं जातं, आणि उद्या तोच कागद पुरावा म्हणून समोर येतो. एका कागदावर मंगळवार, दुसऱ्यावर गुरुवार असलं की समोरच्या वकिलाची दिवाळी. आप्पांनी परशरामला आणि परशरामनं रेखाला पुन्हा बजावलं, "ऐकलंस न्हवं?" रेखानं मान हलवली.

सर्दी-खोकल्यातून उठलेल्या पोरीला नीट न तपासता सुई टोचली, अशी तक्रार मी आयोगात लावली. गंभीर काही घडलं की डॉक्टरांची एक समिती चौकशी करते. लशीमुळं झालं, टोचण्याच्या चुकीमुळं झालं, की निव्वळ योगायोग, हे ती ठरवते. आमच्या बाबतीत तिनं लिहिलं होतं, माहिती अपुरी असल्यानं काही ठरवता येत नाही. मी त्याच वाक्यावर उड्या मारत होते. योगायोग आहे असं समितीही म्हणत नाही, हा माझा मुद्दा!

निपाणीच्या डॉक्टरांनी आयोगामार्फत आम्हाला लेखी प्रश्न पाठवले. आयोगात उलटतपासणी बहुधा अशी कागदावरच होते. त्यातला सातवा प्रश्न होता, "लस देण्यापूर्वी मुलीला कधी झटका आला होता का?" मी वाचलं आणि हसले. बुडत्या माणसाचे हातपाय, असं म्हणाले. सातव्यापुढं "नाही" लिहिलं, खाली परशरामची सही घेतली. रेखाला विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही. सही तिची नको होती, तक्रारदार बाप होता.

दोन वर्षं तारखा चालल्या. आराध्या तीन वर्षांची झाली. चालायला उशिरा लागली, बोलणं चार शब्दांपुढं जाईना. फीट चालूच होत्या. औषध वाढवलं की काही दिवस पोर गुंगीत, आणि मग पुन्हा तेच. प्रत्येक नव्या डॉक्टरपुढं घरची माणसं शहाण्यासारखी एकच सांगत होती. सुई, ताप, फीट.

शेवटचा युक्तिवाद आठ दिवसांवर आला तेव्हा मी कंग्राळीला गेले. डिसेंबर होता. आमच्याकडची थंडी काय असते ते इथल्या माणसाला सांगायला नको. सकाळी नऊला मी स्वेटर, वर शाल अशी दारात उभी, आणि मागच्या न्हाणीतून आराध्याचं रडणं ऐकू येत होतं. भोचकपणानं मी थेट मागंच गेले. तांब्याचा बंब धडधडत होता, नळीतून वाफ येत होती, आणि रेखा त्याच्याकडं पाठ करून पोरीला गार पाण्यात फडकं बुडवून पुसत होती. पोर कुडकुडत होतं.

"अगं, हे काय?" मी म्हटलं.

मागून तिच्या सासूबाई आल्या. "तुमीच सांगा की बाई हिला! हाडं गोठाय लागलीत न ही पोरीला गार पाण्यानं पुसती. दोन वरसं झाली, ऊन पाण्याचा थेंब लागू देत न्हाय. सोता बी गारच घेती अंगावर. मी घालतो म्हटलं तर पोरगी हातात देत न्हाय. डोस्कं फिरलंय हिचं."

रेखा पोरीला टॉवेलात गुंडाळून आत निघून गेली.

चहा झाला, कागद झाले. निघताना मी म्हटलं, रेखा, रिक्षापर्यंत चल माझ्याबरोबर. दोन्ही बाजूला भाजीचे वाफे, मध्ये आम्ही दोघी. मी विचारलं, "गार पाणी का गं?"

ती चालायची थांबली.

"त्या दिवशी न्हाऊ घालणारी मावशी आली न्हवती," ती म्हणाली. "आई देवळात गेलती. मग मीच पाणी घेतलं. कडक झालं असंल. पैला तांब्या ओतला न पोरगी ताठ झाली बाई. डोळं वर गेलं. तोंड निळं पडलं. मी वराडलो. थोड्या येळानं आपसूक मोकळी झाली. आई आली न म्हणाली, कुणाला सांगू नगंस, सासरची न्यायला येणार हाईत, म्हणतील पोराला धड न्हाऊ घालाय येईना."

"आणि सुई कधी टोचली?"

"त्याच्या नंतर. पंधरा दिसांनी."

मी रस्त्यातच उभी राहिले.

"माझ्या पाण्यानं तिचा मेंदू शिजला बाई," रेखा म्हणाली. "म्हून म्हटलं, जज्जसाहेबांनी सुईचं नाव लिहून दिलं तर निदान..."

मी चिडले. घाबरले की मी चिडते, ही माझी खोडच आहे. "अगं पण डॉक्टरला तरी सांगायचंस! इतके डॉक्टर झाले, एकाला तरी?"

तिनं वर बघितलं. रागानं नाही, साधंच. "तुमीच म्हणालतासा न्हवं, सगळीकडं एकच सांगायचं."

खोटं बोलणारे साक्षीदार मी पोत्यानं बघितलेत. पण खरं माणसाच्या तोंडातच अडकवून ठेवणारी वकील मी पहिल्यांदाच बघत होते, आणि ती मीच होते. भांडायला समोर कुणी नव्हतं. रिक्षावाला हॉर्न देत होता.

रेखा म्हणाली, घरात सांगू नका. मी म्हटलं, घरचं नंतर बघू, आधी डॉक्टर. केससाठी दाखला हवाय अशी थाप मारून दुसऱ्याच दिवशी मी मायलेकींना शहरातल्या मेंदूच्या डॉक्टरांकडं नेलं. रेखानं पदराचं टोक मुठीत धरून सगळं सांगितलं. अंघोळीचं ऐकलं आणि डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या एकेक करून बघितल्या. आणखीही दोनदा, आजीनं दुपट्यात गच्च गुंडाळलं होतं तेव्हा, असंच झाल्याचं रेखाला तिथंच आठवलं.

डॉक्टरांनी जनुकाची तपासणी करायला सांगितली. रिपोर्ट यायला काही आठवडे लागले, पण औषध त्यांनी त्याच दिवसापासून बदलायला घेतलं. आजाराचं नाव लांबलचक आणि परदेशी, ते मी वहीत लिहून घेतलंय. आजार जन्माच्या वेळीच बाळाबरोबर येतो. पहिली फीट साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास येते, आणि ताप किंवा ऊन पाणी हे निमित्त होतं. लशीनं ताप आला की त्यातही फीट येऊ शकते, म्हणून आईबापांना वाटतं सुईमुळं झालं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, फीटवरच्या काही नेहमीच्या गोळ्या या आजारात फीट उलट वाढवतात. आराध्या दोन वर्षं त्यातलीच एक गोळी घेत होती.

"पहिली फीट तापाशिवाय, अंघोळीत आली हे कुणी सांगितलं असतं तर कुणालाही आधीच शंका आली असती," डॉक्टर म्हणाले. मी त्यांच्या टेबलावरच्या कॅलेंडरकडं बघत बसले.

रेखानं एकच विचारलं. "म्हंजे पाण्यानं मेंदू शिजत न्हाय?"

डॉक्टर हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे. "नाही शिजत, ताई. तुमच्या पाण्यानं काही झालं नाही."

ती तिथंच खुर्चीत बसून हमसून हमसून रडली. आराध्या तिच्या बांगड्या ओढत होती.

घरी सांगणं हे त्याहून अवघड. सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. दोन वर्षांपूर्वी जिथं भाषण दिलं, तिथंच बसून मी सगळं सांगितलं. आप्पांचा आवाज चढला. "म्हंजे ठावं हुतं न ही गप बसली? आमी त्या म्हाताऱ्या डॉक्टरला कोर्टात वडला न ही गप?" परशराम भिंतीकडं बघत होता. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "तुमी गप बसा जरा. कडक पाणी म्हणं कडक पाणी! ह्या परश्याला मी त्याच्याहून कडक पाण्यानं न्हाऊ घातलंय. त्येला काय झालं? घोड्यावानी वाढलाय." मग सुनेकडं वळून म्हणाल्या, "दोन वरसं ह्येच घिऊन बसलीयास व्हय गं खुळे? मला सांगाय काय झालतं?"

तक्रार मागं घेतली. सातव्या प्रश्नाचं उत्तर चुकीचं होतं, असं शपथपत्र दिलं. आयोगाच्या अध्यक्षांनी सगळ्यांदेखत मला कन्नडमध्ये चार शब्द सुनावले. ते मी ऐकून घेतले, आणि मान्य करते, कमीच होते. मग निपाणीला गेले. दोन वर्षं त्या डॉक्टरांकडं बायका पोरं आणताना दारात थबकत होत्या, हे मला बाहेरच्या मेडिकलवाल्यानं सांगितलं. मी हातानं लिहिलेला कागद त्यांच्यापुढं ठेवला. मसुदा वगैरे केला नाही. "माझं चुकलं," एवढंच होतं. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि विचारलं, "मुलीचं औषध बदललं का?" हो म्हटल्यावर कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

फीट पूर्ण थांबल्या नाहीत, त्या आजारात सहसा थांबत नाहीत. पण आठवड्याच्या महिन्यावर गेल्या. गुंगी गेली. आराध्या आता "बाई" म्हणते. कुणालाही बाई म्हणते, आप्पांनासुद्धा.

आता मी नव्या अशिलाला पहिल्यांदा विचारते, सुई टोचण्याआधी काय झालं? आणि आईला एकटीला बसवून विचारते. त्यात निम्म्या केसेस जिन्यावरूनच परत जातात. जाईनात का. पण रेखाला मात्र मी काही म्हटलं नव्हतं. डॉक्टरांना लिहून दिलं, आयोगाला लिहून दिलं, आणि जिची दोन वर्षं गेली तिच्यासमोर तोंड उघडेना.

गेल्या दिवाळीत परशरामचा फोन आला. "चतुर्दशीला सकाळी फराळाला या. आई म्हणतीय, बाई आल्याबिगर पोरीला न्हाऊ घालायची न्हाय." मी गेले. न्हाणीपुढं रांगोळी, पाट, तेलाची वाटी, उटणं, सगळं मांडलेलं. सासूबाई पोरीला तेल लावून तयार. आणि रेखा चार हात लांब, खांबाला टेकून, हात पदरात गुंडाळून उभी. डॉक्टरांनी कोमट पाण्याला हरकत नाही म्हणून सांगितलं होतं, पण तेव्हापासून सासूबाईच अंघोळ घालत होत्या. रेखा तांब्याला हात लावत नव्हती.

"आज हिनंच घालायची," सासूबाई म्हणाल्या आणि तांब्या पुढं केला. "धर गं. मी हाय न्हवं हितं."

रेखा जागची हलेना.

मी तिच्याजवळ गेले. म्हटलं, "रेखा, माझं चुकलं गं. तुला बोलू दिलं नाही मी."

तिनं माझ्याकडं बघितलं, मग घंगाळाकडं. "ते ऱ्हाऊ द्या बाई," ती म्हणाली. "आधी पाणी बघा की जरा. कडक तर न्हाय न्हवं?"

मी शाल बाजूला ठेवली, बाही वर केली आणि कोपर पाण्यात बुडवला. आराध्या पाटावर बसून "बाई, बाई" करत होती. मी कोपर चांगला वेळ पाण्यात ठेवला.

"कोमट आहे," मी म्हटलं. "घाल."

रेखानं तांब्या भरला.